बुडणे, सोडणे, धरणे, भाजणे: इंग्रजीत नेमकं कोणतं क्रियापद घ्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्यापासून हरिहरेश्वरापर्यंत आता किनाऱ्यावर पाहुण्यांशी रोज इंग्रजीत बोलावं लागतं. होडीवाला, होमस्टे चालवणारं कुटुंब, स्कूबाचा मदतनीस, खानावळीतल्या काकू, रिक्षावाला, सगळ्यांनाच. त्यांच्याकडून आणि दहावी-बारावीच्या मुलांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यंही मुद्दाम देवनागरीतच दिली आहेत, म्हणजे मोठ्याने वाचून जिभेवर बसवता येतील.

एका मराठी क्रियापदाला इंग्रजीत चार शब्द असले, तर त्यातला कोणता घ्यायचा?

अर्थ पाठ करून हे सुटत नाही. शब्दार्थांच्या यादीत ‘से’, ‘टेल’ आणि ‘स्पीक’ या तिघांपुढे ‘बोलणे, सांगणे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि वाक्य करायची वेळ आली की तिन्ही सारखेच वाटतात. त्यापेक्षा क्रियापदालाच विचारा: हे कोण करतंय? कोणाला किंवा कशाला करतंय? झाल्यावर काय उरतं? ‘आंबा पडला’ आणि ‘आंबा पाडला’ यात आपल्याकडचं चार वर्षांचं पोरही चुकत नाही. हा फरक ओळखणारा कान आपल्याकडे आहेच, तो इंग्रजीकडे वळवायचा. खरा गोंधळ होतो तो मराठीतलं एकच क्रियापद जिथे इंग्रजीत फुटतं तिथे. अशी फुटणारी क्रियापदं फार नाहीत. त्यातली किनाऱ्यावर रोज लागणारी खाली आहेत.

समुद्रात कोणी बुडत असेल तर काय ओरडायचं? ‘ड्राउन’ की ‘सिंक’?

‘ही इज ड्राउनिंग!’ एवढंच ओरडा. बाकी इंग्रजी येवो न येवो, हे वाक्य किनाऱ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला यायलाच हवं.

मराठीत आपण माणूस डोळ्यांसमोर हातपाय मारत असतानाच ‘अरे बुडाला, बुडाला!’ म्हणून ओरडतो. त्याचं सरळ इंग्रजी केलं की ‘ही ड्राउन्ड’ होतं आणि त्याचा अर्थ होतो, तो बुडून मेला. ‘ड्राउन’ या क्रियापदात मरण धरलेलंच आहे. भूतकाळ आला की माणूस गेला. ऐकणारा परदेशी पाहुणा त्या एका शब्दावरून समजेल की आता वाचवण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून माणूस पाण्यात धडपडत असेल तोवर ‘इज ड्राउनिंग’. बाहेर काढला, पाणी ओकला, शुद्धीवर आला, तर ‘ही ऑलमोस्ट ड्राउन्ड’ किंवा ‘वी सेव्ह्ड हिम फ्रॉम ड्राउनिंग’. फोनवर हिंदी किंवा इंग्रजीत मदत मागतानाही हा काळ नीट सांभाळा.

होडी बुडते तेव्हा ‘सिंक’: ‘द बोट इज सिंकिंग’, आणि तळाला गेली की ‘द बोट सँक’. होडीला ‘ड्राउन’ लागत नाही, कारण ती श्वास घेत नाही. जीव असेल आणि श्वास कोंडत असेल तर ‘ड्राउन’, निर्जीव वस्तू खाली जात असेल तर ‘सिंक’, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आपलं ‘बुडणे’ मात्र इथेच थांबत नाही. सूर्य बुडतो तो ‘द सन सेट्स’. पैसे बुडाले तर ‘आय लॉस्ट माय मनी’. शाळा बुडवली तर ‘ही स्किप्ड स्कूल’. बिस्कीट चहात बुडवलं तर ‘डिप’ किंवा ‘डंक’. तारकर्लीला स्कूबावाले बुडी मारतात ते ‘डाइव्ह’. आणि हौसेने किनाऱ्यावर उतरवलेली गाडी वाळूत रुतते तेव्हा ‘द कार इज स्टक इन द सँड’.

‘स्विम’, ‘फ्लोट’ आणि ‘वेड’ यांत काय फरक?

पोहणे ‘स्विम’, तरंगणे ‘फ्लोट’, आणि तळाला पाय टेकवून गुडघाभर, कमरेभर पाण्यातून चालणे म्हणजे ‘वेड’. हा तिसरा शब्द आपल्याकडे फारसा कोणी वापरत नाही, पण तो पाहुण्यांसाठी फार कामाचा आहे. ‘यू कॅन वेड हिअर, बट प्लीज डोन्ट स्विम’ म्हटलं की पाय भिजवायची मुभा आहे, आत जायची नाही, हे एका वाक्यात कळतं. नुसतं ‘डोन्ट गो इन वॉटर’ म्हटलं तर कोणी ऐकत नाही, कारण समोर दहा जण पाण्यात उभे दिसत असतात.

होडीत पाहुण्यांना ‘कॅच द रोप’ म्हणायचं की ‘होल्ड द रोप’?

दोरी फेकताय की दोरी आधीच त्यांच्या हातात आहे, त्यावर अवलंबून. मराठीत ‘पकडा’ दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत हवेतून येणारी वस्तू झेलायची असेल तर ‘कॅच’, आणि हातात घट्ट धरून ठेवायची असेल तर ‘होल्ड’. आपल्या मराठीतली ‘झेल’ आणि ‘धर’ ही जोडी बरोबर यांच्यावर बसते.

लाटेने होडी हेलकावे खात असताना ‘कॅच द रेलिंग’ म्हटलं तर पाहुणा क्षणभर गोंधळतो. ‘होल्ड द रेलिंग’ म्हणा, किंवा त्याहून जोरकस ‘होल्ड ऑन!’. ‘होल्ड ऑन’ हे फोनवर ‘जरा थांबा’ म्हणूनही वापरतात, पण होडीत कोणी तसा अर्थ घेणार नाही. बस, गाडी, मासे आणि चोर पकडायला मात्र ‘कॅच’च.

‘मला स्टेशनवर सोडा’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं? ‘लीव्ह मी’ चालेल का?

नाही. ‘लीव्ह मी’ म्हणजे ‘मला एकट्याला सोड, जा इथून’. रिक्षात बसून असं म्हणणं विचित्रच. ‘ड्रॉप मी अ‍ॅट द स्टेशन’ म्हणा. तुम्ही रिक्षावाले असाल आणि पाहुण्याला सांगायचं असेल, तर ‘आय विल ड्रॉप यू अ‍ॅट कुडाळ स्टेशन’.

‘सोडणे’ हे ‘बुडणे’इतकंच पसरलेलं क्रियापद आहे. दोरी सोड म्हणजे ‘लेट गो ऑफ द रोप’. तंबाखू सोडली, ‘ही गेव्ह अप टोबॅको’. नळ सोडला, ‘शी टर्न्ड ऑन द टॅप’. नोकरी सोडली, ‘ही लेफ्ट द जॉब’ किंवा ‘क्विट’. गाव सोडून मुंबईला गेला, ‘ही लेफ्ट द व्हिलेज’. आणि मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ते ‘रिलीज’: ‘वी रिलीज द हॅचलिंग्ज अ‍ॅट सनराइज अँड सनसेट’. तिथे २००२पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण होतंय आणि हंगामात पिल्लं बघायला लांबलांबून लोक येतात. त्यांच्यासमोर ‘वी लीव्ह द बेबीज इन द सी’ म्हटलं की पिल्लांना वाऱ्यावर टाकून दिल्यासारखं ऐकू येतं, आणि त्या कामाचं मोलच निघून जातं. ‘रिलीज’मध्ये आपण जपलं आणि मग मोकळं केलं, हे दोन्ही आहे.

‘लाय’ आणि ‘ले’ कायम उलटे होतात. कायमचा उपाय आहे का?

आहे, आणि तो मराठीतच आहे. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, मरणे-मारणे अशा जोड्यांत पहिलं क्रियापद आपोआप घडणारं असतं आणि दुसरं कोणीतरी घडवलेलं. आत फक्त स्वर किंवा एखादं अक्षर बदलतं. इंग्रजीतही अशा जुन्या जोड्या उरल्या आहेत: ‘लाय’ आणि ‘ले’, ‘राइज’ आणि ‘रेज’, ‘सिट’ आणि ‘सेट’, ‘फॉल’ आणि ‘फेल’. यातली शेवटची तर हुबेहूब आपली ‘पडणे-पाडणे’: झाड आपोआप पडतं तेव्हा ‘फॉल’, कुऱ्हाडीने पाडतात तेव्हा ‘फेल’.

तर जाळं वाळूवर पडून आहे: ‘द नेट इज लाइंग ऑन द सँड’. कोणी ते नेऊन पसरलं: ‘वी लेड द नेट ऑन द सँड’. कासवीण अंडी घालते: ‘द टर्टल लेज एग्ज’. घातलेली अंडी वाळूखाली दीड-दोन महिने पडून असतात: ‘द एग्ज लाय अंडर द सँड’. मग अंडी फुटून पिल्लं बाहेर येतात: ‘द एग्ज हॅच’.

फसगत भूतकाळात आहे. ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ होतो, म्हणजे नेमकं दुसऱ्या क्रियापदाचं रूप. ‘काल जाळं दिवसभर तिथेच पडून होतं’ हे ‘द नेट ले देअर ऑल डे’. आणि ‘ले’चा भूतकाळ ‘लेड’. ‘फॉल’चंही तसंच: त्याचा भूतकाळ ‘फेल’, आणि ‘पाडणे’ या अर्थाच्या ‘फेल’चा भूतकाळ ‘फेल्ड’. परीक्षेला हे पाठ करा. बोलताना अडलात तर सरळ ‘वॉज लाइंग’ म्हणा. तेही शुद्धच आहे आणि त्यात फसायला जागा नाही.

‘राइज’ आणि ‘रेज’?

पाणी चढतं, सूर्य उगवतो, दर वाढतात तेव्हा ‘राइज’. कोणी हात वर केला, दर वाढवले, शीड चढवलं, तर ‘रेज’. भरतीला ‘द वॉटर इज रायझिंग’, आणि मे महिन्यात तुम्ही खोलीचं भाडं वाढवलंत तर ‘वी रेज्ड द रेट’. पाहुण्याला ‘द रेट्स रोज’ असंही सांगता येतं, पण मग कोणी वाढवले ते वाक्यात राहत नाही. स्वतःच्या घराचे दर आपणच वाढवलेले असतात, तेव्हा ‘वी रेज्ड’ म्हणणं प्रामाणिकपणाचं.

‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ या तिन्हींचा अर्थ बघणेच ना?

नाही, ‘सी’ म्हणजे बहुतेक वेळा ‘दिसणे’. ‘मला डॉल्फिन दिसला’ हे ‘आय सॉ अ डॉल्फिन’. ‘तिकडे बघा’ हे ‘लुक देअर’ आणि ‘त्या डॉल्फिनकडे बघा’ हे ‘लुक अ‍ॅट दॅट डॉल्फिन’. बराच वेळ लक्ष ठेवून बघत राहिलात तर ‘वॉच’: ‘वी वॉच्ड द डॉल्फिन्स फॉर अ‍ॅन अवर’. होडीवाल्यांनी ‘यू विल वॉच डॉल्फिन’ असं वचन देऊ नये. ‘यू मे सी डॉल्फिन्स’ म्हणावं, कारण दिसणं आपल्या हातात नसतं.

याच धर्तीवर ऐकू येणे ‘हिअर’ आणि कान देऊन ऐकणे ‘लिसन टू’, शोधणे ‘लुक फॉर’ आणि सापडणे ‘फाइंड’. ‘आय अ‍ॅम फाइंडिंग माय चप्पल’ हे वाक्य देवळाबाहेर पुष्कळदा ऐकू येतं. तिथे हवं ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉर माय चप्पल्स’. ‘सर्च’ वापरायचंच असेल तर त्यापुढे ‘फॉर’ लागतो. नुसतं ‘सर्च द बॅग’ म्हणजे पिशवीची झडती घेणे.

‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’, ‘टॉक’?

‘से’ म्हणणे, ‘टेल’ सांगणे, ‘स्पीक’ बोलणे, ‘टॉक’ गप्पा मारणे किंवा बोलणी करणे. एवढं धरून चाला. ‘टेल’ला सहसा समोरचा माणूस लगेच हवा: ‘ही टोल्ड मी’. ‘से’ला तो चालत नाही, आणायचाच तर ‘टू’ लावून: ‘ही सेड टू मी’. ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी अ रूम’ हेही याच पठडीतले: ‘एक्स्प्लेन इट टू मी’ आणि ‘सजेस्ट अ रूम’ म्हणा. आणि ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ कसे लक्षात ठेवू? आणि ‘रेंट’ कोणत्या बाजूचा?

उसनं घेणे ‘बॉरो’, उसनं देणे ‘लेंड’. ‘कॅन आय बॉरो युअर अम्ब्रेला?’ किंवा ‘कॅन यू लेंड मी युअर अम्ब्रेला?’ दोन्ही बरोबर, पण ‘कॅन यू बॉरो मी’ चूक. ‘बॉरो’ करणारा नेहमी वस्तू स्वतःकडे ओढतो.

‘रेंट’ दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून गैरसमज होतो. ‘वी रेंट टू रूम्स’ ऐकून तुम्ही खोल्या घेता की देता, हे कळत नाही. भाड्याने देत असाल तर ‘वी रेंट आउट टू रूम्स’. दुचाकी किंवा होडी काही तासांसाठी घ्यायची असेल तर ब्रिटिश माणूस ‘हायर’ म्हणतो, अमेरिकन ‘रेंट’. फलकावर यातला कोणताही लिहा, लोकांना समजतो. माणसाला कामावर ठेवणे मात्र सगळीकडे ‘हायर’.

मेन्यू इंग्रजीत लिहायचा आहे. उकडणे, भाजणे, तळणे यांना काय म्हणायचं?

इथे घाई करू नका. पाहुणा जेवणाआधी तुमचा मेन्यूच वाचतो.

‘उकडणे’ला दोन शब्द आहेत. पाण्यात घालून उकडलं तर ‘बॉइल’: अंडी, बटाटे. वाफेवर उकडलं तर ‘स्टीम’: उकडीचे मोदक ‘स्टीम्ड’, कधीही ‘बॉइल्ड’ नाहीत. उकड्या तांदळाला ‘पारबॉइल्ड राइस’ म्हणतात आणि पेज देताना हे सांगण्यासारखं आहे. मे महिन्यात ‘फार उकडतंय’ म्हणायचं तर ‘इट्स व्हेरी ह्यूमिड’.

‘भाजणे’ आणखी फुटतं. निखाऱ्यावर किंवा जाळीवर भाजलेला बांगडा ‘ग्रिल्ड’. काजू आणि शेंगदाणे ‘रोस्टेड’. पाव ‘टोस्टेड’. भट्टीत भाजलेली नानकटाई ‘बेक्ड’. आणि हात भाजला तर ‘आय बर्न्ट माय हँड’. ‘बर्न्ट फिश’ असं चुकूनही लिहू नका, त्याचा अर्थ करपलेला मासा.

तळणे ‘फ्राय’ खरंच, पण भरपूर तेलात असेल तर ‘डीप-फ्राय’. सुरमईची तुकडी रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात केली तर ‘पॅन-फ्राइड’ किंवा ‘शॅलो-फ्राइड’. तेल टाळणारे पाहुणे हा शब्द शोधतात. मसाला लावून मुरत ठेवणे ‘मॅरिनेट’. कोलंबी सोलणे ‘पील’, पण नारळ सोलणे ‘हस्क’. काथ्या काढायचा असतो, साल नव्हे. पुढे नारळ फोडणे ‘क्रॅक’ आणि खोवणे ‘ग्रेट’. आपल्याकडे विळीवर खोवणं वेगळं आणि किसणीवर किसणं वेगळं. इंग्रजीत बहुधा दोन्हीला ‘ग्रेट’च म्हणावं लागतं. आपल्या स्वयंपाकघरातली क्रियापदं कितीतरी नेमकी आहेत, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पाहुण्यांना ‘खोवणे’ तसंच शिकवा. विळीवर बसवून दाखवलंत तर विसरणार नाहीत.

बागेत आंबे काढणे ‘पिक’. ‘प्लक’ फुलांना बरा. अढीत आंबा पिकतो तेव्हा ‘राइपन’, आणि शेतात भात पिकवतो तेव्हा ‘ग्रो’.

‘मेक’ आणि ‘डू’ला काही नियम आहे का?

अर्धा आहे. काम संपल्यावर नवी वस्तू उरत असेल तर ‘मेक’: चहा, भाकरी, जाळं, होडी. नुसतं काम झालं तर ‘डू’: धुणं, भांडी, गृहपाठ, धंदा. नियमात न बसणारे थोडे पाठच करावे लागतात: चूक ‘मेक’, फोन ‘मेक’, निर्णय ‘मेक’, अंथरूण आवरणे ‘मेक द बेड’, उपकार ‘डू’, नुकसान ‘डू’.

पाहुण्याला ‘व्हेअर डू यू स्टे?’ विचारलं तर तो हॉटेलचं नाव सांगतो. माझं काय चुकलं?

भारतात हा प्रश्न ‘कुठे राहता?’ म्हणून सर्रास चालतो. बाहेरच्या माणसासाठी ‘स्टे’ म्हणजे तात्पुरता मुक्काम आणि ‘लिव्ह’ म्हणजे कायम राहणं. गाव विचारायचं असेल तर ‘व्हेअर डू यू लिव्ह?’. पाहुणे तुमच्या घरी ‘स्टे’ करतात, तुम्ही तिथे ‘लिव्ह’ करता.

पोहोचणेही इथेच सांगून टाकतो: ‘रीच’नंतर ‘टू’ नको. ‘व्हेन विल यू रीच मालवण?’ पुरेसं आहे. आणि निघताना आपण ‘येतो हं’ म्हणतो, त्याचं ‘आय कम’ करू नका. ‘आय विल बी गोइंग नाऊ, सी यू’ म्हणा.

‘पुट द फॅन’ आणि ‘ओपन द लाइट’ म्हणणं चूक आहे का?

हो, दोन्हीला ‘टर्न ऑन’ हवं. पंखा ‘लावा’ म्हणून ‘पुट’ आणि नळ ‘उघडा’ म्हणतो तसं लाइटलाही ‘ओपन’, असं मराठी खालून डोकावतं. बंद करायला ‘टर्न ऑफ’. लाइट गेली तर ‘द पॉवर इज आउट’. फोन बंद असेल तर ‘स्विच्ड ऑफ’, ‘क्लोज्ड’ नव्हे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात तेव्हा ‘द बोट्स आर नॉट रनिंग’. ‘बोट इज क्लोज्ड’ ऐकून पाहुणा दार शोधतो.

आपल्या भारतीय इंग्रजीतल्या सवयी सगळ्याच सोडायच्या का?

माझ्या मते नाही. ठरलेली वेळ अलीकडे आणायला आपसात ‘प्रीपोन’ खुशाल म्हणा, तो शब्द आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. ‘गेट डाउन’ म्हटलं तरी कोणी बसमधून उतरायचा राहत नाही, जरी बसला ‘गेट ऑफ’ आणि रिक्षाला ‘गेट आउट ऑफ’ जास्त रूढ असलं तरी. जिथे अर्थच उलटतो किंवा जिवाशी गाठ असते, तिथे मात्र हट्टाने नेमकं क्रियापद वापरा: ‘ड्राउन’, ‘होल्ड’, ‘लीव्ह’, ‘वेड’, ‘बॉरो’.

कोणता शब्दकोश बघू?

इंग्रजी-मराठी कोशात अर्थ मिळतो, वापर मिळत नाही. त्यासाठी परभाषकांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ ठाऊक असूनही क्रियापदापुढे काय जोडायचं ते कळत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि सहकाऱ्यांबरोबर तसा कोश केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. आजचा ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ तो हाच, आणि मोबाइलवर त्यातले शब्द फुकट बघता येतात. शब्द उघडलात की अर्थावर थांबू नका. खालची उदाहरणं वाचा, ‘टू’, ‘फॉर’, ‘अ‍ॅट’ यातलं काय लागतं ते बघा, आणि त्यातलं एक वाक्य आपल्या होडीचं, खोलीचं किंवा मासळीचं नाव घालून वहीत लिहून ठेवा.